'काळाचा घाला' छापायच्या आधी मागच्या सीटचा बेल्ट विचारा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, परवा तुमच्या पेपरात अपघाताची बातमी आली, हायवेवर कार उभ्या ट्रकला मागून धडकली आणि एकाच घरातली तीन माणसं गेली. हेडिंग काळाचा घाला. खाली नेहमीचंच, भरधाव कार, चालकाचं नियंत्रण सुटलं, गाडीचा चक्काचूर, गावावर शोककळा. मी बातमी दोनदा वाचली. गाडीत पाच जण होते एवढं कळलं. पण गेलेले तिघं पुढं बसलेले का मागं, बेल्ट कुणी कुणी लावलेला, एअरबॅग उघडल्या का, ट्रकच्या मागं लाइट होती का, तो तिथं किती वेळ उभा होता, यातलं एक अक्षर नाही. चक्काचूर मात्र रंगीत फोटोसकट.

तुम्ही म्हणाल याला काय पडलंय. मला पडलंय कारण माझं संगमनेरला गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे, वीसेक वर्षं झाली, आणि गाडीचा बेल्ट मागच्या सीटवर नेमका कुठं जातो हे माझ्याइतकं कुणाला माहिती नसेल, कारण तो मीच घालवलाय. एकट्यानं नाही, माझ्यासारख्या गावोगावच्या दुकानदारांनी मिळून.

कसं ते सांगतो. नवी गाडी शोरूममधून निघाली की पूजा, नारळ आणि मग थेट आमच्याकडं. मागचा बाक असतो त्याच्या फटीतून बकल, म्हणजे बेल्टचं टोक ज्यात क्लिक करून बसतं ते, वर आलेले असतात, दोन नाहीतर तीन. कव्हर चढवताना प्रत्येक बकलसाठी कापडाला काप ठेवावा लागतो, तो नेमका जागेवर यावा लागतो, कडेनं शिलाई मारावी लागते, म्हणजे एका गाडीमागं दहा पंधरा मिनिटं जास्त. एवढं करायचं कोण, दिवसाला चार गाड्या असतात. त्यापेक्षा बकल फटीतून खाली ढकलायचे, वरून कव्हर ताणून घ्यायचं, सीट कशी एकदम सपाट, गादीसारखी दिसते. आणि गिऱ्हाईक काय म्हणतं, वा! लई भारी बसलंय. कित्येक जण तर स्वतःच सांगतात की ते मधलं टोचतंय आत घालून टाका, आईला आडवं व्हायला बरं पडेल. वीस वर्षांत मला एकाही माणसानं स्वतःहून विचारलं नव्हतं की बेल्ट कुठं गेला. म्हणजे २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत तरी नव्हतं.

४ सप्टेंबरला पालघरकडं चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी धडकली तो अपघात सगळ्यांना आठवत असेल. मर्सिडीज गाडी, आत चौघं. पुढं बसलेल्या दोघांनी बेल्ट लावलेला, ते जबर जखमी झाले पण वाचले. मागं बसलेल्या दोघांनी लावला नव्हता, दोघंही गेले. एकच गाडी, एकच धडक, एकच सेकंद. त्या आठवड्यात माझ्या दुकानात रांग लागली, खोटं नाही सांगत, बकल काढून द्या म्हणून. आम्ही ब्लेड घेऊन कव्हरला काप मारत बसलो, आपणच शिवलेल्या कव्हरला. सरकारही हललं, मुंबईत १ नोव्हेंबरपासून गाडीतल्या सगळ्यांना बेल्ट सक्तीचा म्हणून पोलिसांनी जाहीर केलं. खरं म्हणजे मागचा बेल्ट कायद्यात आधीपासूनच होता आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १००० रुपये झालाय, पण नियम जुना आहे हेच लोकांना त्या दिवशी कळलं. दिवाळीपर्यंत हे चाललं. दिवाळीनंतर परत, ते टोचतंय हो, आत घाला.

त्याच्याही आधीचं सांगतो. २०१४ ला ३ जूनला गोपीनाथ मुंडे साहेब दिल्लीत अपघातात गेले. केंद्रात मंत्री होऊन जेमतेम आठवडा झालेला, सकाळी विमानतळाला निघाले होते, मागच्या सीटवर. भर शहरात दुसऱ्या गाडीनं ठोकलं. आमच्या भागात त्यावर वर्षानुवर्षं काय काय चर्चा झाल्या ते मी इथं लिहीत नाही, तुम्हाला माहिती आहेत. पण तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन, जे स्वतः डॉक्टर, ते जाहीरपणे बोलले होते की मागं बेल्ट लावलेला असता तर साहेब वाचू शकले असते. ही एवढी साधी गोष्ट कुठल्याच पारावर कुणी बोललं नाही. घातपात का अपघात यावर रात्र रात्र गप्पा आणि पट्ट्याचं नाव नाही.

लोकांना वाटतं पुढच्याला काच लागेल, स्टेअरिंग लागेल, मागच्याला काय होणार, समोर मऊ सीट आहे. अहो ताशी ६० नं चाललेली गाडी एकदम थांबली तर बेल्ट नसलेला माणूस ६० नंच पुढं जातो. हिशोब केला तर तो चौदा मीटरवरून खाली पडल्यासारखा मार आहे, म्हणजे चौथ्या पाचव्या मजल्यावरून. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत आपण पोराला कठड्याजवळ जाऊ देत नाही आणि गाडीत त्याला दोन सीटच्या मधे उभं करतो. आणि मागचा माणूस एकटा मरत नाही, तो पुढच्याच्या सीटवर जाऊन आदळतो, पुढच्यानं बेल्ट लावलेला असला तरी मागून सत्तर किलोचा माणूस अंगावर आला की त्याचं काय होणार. एअरबॅगचंही तसंच, त्यावर एसआरएस लिहिलेलं असतं त्यातल्या पहिल्या एसचा अर्थच पूरक असा आहे, म्हणजे बेल्ट मुख्य आणि एअरबॅग त्याच्या जोडीला. लोकांनी उलटं धरलंय, सहा एअरबॅग आहेत मग बेल्ट कशाला. लहान बाळ मांडीवर घेऊन पुढं बसणाऱ्या बायाबापड्यांना तर मी आता दुकानातच रागावतो, ती एअरबॅग फुटते ती आधी बाळावर फुटते.

आता माझ्या मनातलं. सहा वर्षं झाली असतील. आमच्या ओळखीतलं एक गिऱ्हाईक, दोन गाड्यांचे कव्हर माझ्याकडूनच केलेलं, चांगला माणूस, पैशाला कधी घासाघीस नाही. लग्नाहून परत येत होते, पहाटेची वेळ, पुढं तो आणि त्याचा भाऊ, मागं आई आणि एक पुतण्या. उसाच्या ट्रॉलीला मागून धडकले. पुढचे दोघं वाचले, एकाचा पाय मोडला. पुतण्या महिनाभर दवाखान्यात. आई जागेवर गेली. क्रेननं गाडी ओढून आणली ती आमच्या शेजारच्या गॅरेजला लावली, मी बघायला गेलो. पुढचे दोन्ही बेल्ट कुणीतरी कापलेले होते, माणसं काढताना. मागचं दार उघडून बघितलं तर बाक जसाच्या तसा, बिस्किट कलरचं कव्हर, चॉकलेटी पायपिंग, एक सुरकुती नाही, आणि बकल खाली. फटीत हात घालून मी चाचपून बघितला, लागला हाताला, प्लास्टिकचं नवं कव्हर पण निघालं नव्हतं त्याच्यावरचं. शिलाई माझ्याच मशीनची होती. मी दशक्रियेला गेलो, जेवण न करता आलो, त्याला काही बोललो नाही. तेव्हा त्यांच्या गावात सगळे म्हणत होते, म्हातारीची वेळ आली होती. दुसऱ्या दिवशी पेपरात पण तेच, काळाचा घाला.

म्हणून मला त्या शब्दाची चीड आहे साहेब. काळानं नाही घातला, मी घातला, खाली ढकलून.

आणि एकटा मी पण नाही. ती ट्रॉली बघा. ऑक्टोबर नोव्हेंबरला हंगाम सुरू झाला की आमच्याकडं रात्रीचं पुणे नाशिक हायवेला येऊन बघा, एका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबतोय, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला, गाणी मात्र एक किलोमीटरवरून ऐकू येतात. कान वापरून गाडी चालवायची का. दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावतानाचे फोटो तुमच्याकडं छापून येतात, पाहुणे मंडळी हार घालून, पट्टी चिकटवताना. छान आहे, पण महिन्याभरानं त्याच ट्रॉल्या परत बघायला जावं कुणीतरी. त्या पट्टीची किंमत किती असेल, शंभर दोनशे रुपये. आणि ट्रॉलीखाली गाडी शिरली की एअरबॅगचाही भरवसा नाही, कारण बंपर कशालाच लागत नाही, बोनेट खालून निघून जातं आणि ट्रॉलीची कड सरळ काचेवर येते. ट्रकच्या मागं आडवा लोखंडी बार असतो तो त्यासाठीच, तो वाकलेला तुटलेला असला तरी पासिंग होतं कसं हा वेगळा विषय, तो काढला तर पत्र संपायचं नाही.

रस्ता नीट केला तर माणसं वाचतात हे आपल्याच राज्यात दिसलंय. मुंबई पुणे एक्स्प्रेसवे, साधारण ९५ किलोमीटरचा, २०१६ मधे तिथं एका वर्षात १५१ माणसं मेली. त्याच वर्षी जूनमधे पनवेलजवळ बसच्या अपघातात १७ जण गेले होते. मग रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस, रस्ते सुरक्षेवर काम करणारी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था अशा सगळ्यांनी मिळून काम हातात घेतलं, आणि काम काय तर अगदी कंटाळवाणं. कठडा जिथं संपतो ते उघडं लोखंडी टोक झाकायचं म्हणजे ते गाडीत भाल्यासारखं घुसणार नाही, मधल्या पट्ट्यात तारेचे दोर लावायचे म्हणजे गाडी पलीकडच्या लेनमधे जाणार नाही, बंद पडलेला ट्रक लवकर हलवायचा, स्पीड मोजायचा. यात कुणाचा पुतळा नाही, उद्घाटन नाही. २०२३ पर्यंत मरणाऱ्यांचा आकडा निम्म्याच्याही खाली आला. तोच रस्ता, तोच घाट, गाड्या उलट वाढलेल्या. मग त्या वाचलेल्या लोकांची वेळ आली नव्हती का?

चारोटीला पण बघा, चौकशीत हेच आलं की पुलाच्या तोंडाशी तीन लेनच्या दोन होतात आणि गाडीला वेळेत आतल्या लेनमधे घेता आलं नाही. चालकाची चूक असेल, असेलच, स्पीड होता. पण माणूस चुकणार हे धरूनच रस्ता बांधायचा असतो ना. आमच्या मशीनच्या सुईला पण बोट जाऊ नये म्हणून गार्ड असतो, तो काय आम्ही मूर्ख आहे म्हणून नसतो.

पुण्यात नवले पुलाचा उतार घ्या. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून गाडी उताराला लागते ती पुलापर्यंत, ट्रकवाले डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात, ब्रेक तापतात, मग लागत नाहीत आणि खाली शहरातलं ट्रॅफिक उभं. २०२२ च्या नोव्हेंबरमधे तिथं एका अवजड गाडीनं एकामागून एक कितीतरी गाड्या ठोकल्या, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमधे परत तिथंच मोठा अपघात, माणसं गेली. आपण दर वेळी ड्रायव्हरला पकडतो, उतार तिथंच आहे.

आता परत दुकानात येतो. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना पुढच्या सीटचा बेल्ट लावला नाही की टुंग टुंग वाजतं. लोकांनी काय करावं, तर ते बंद करायला बकलमधे घालायची खोटी क्लिप निघाली, शंभर दीडशेला जोडी. मी पण विकली, काचेच्या कपाटात पुढच्या बाजूला ठेवून, कंपनीच्या लोगोवाली हवी का साधी असं विचारून. माणूस मरू नये म्हणून बनवलेल्या घंटीचं तोंड बंद करायचा धंदा. २०२३ च्या मे महिन्यात केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन कंपन्यांना त्या क्लिपा काढून टाका म्हणून आदेश दिला आणि हजारो लिस्टिंग खाली आल्या, तेव्हा कुठं मी कपाट रिकामं केलं, म्हणजे स्वतःहून शहाणा झालो असं नाही. अजून आठवड्याला एखादा विचारतोच. आता नव्या गाड्यांत मागची सीट पण वाजायला लागली, परवा एक साहेब नवी कोरी एसयूव्ही घेऊन आले, म्हणे मागचं वाजायचं बंद करून द्या, वायर काढा, काय होतील ते पैसे घ्या. म्हणलं साहेब गाडी किती लाखाची, म्हणे सतरा. सतरा लाख देऊन जे घेतलंय तेच काढायला अजून पैसे देताय. रागावून गेले, जवळच दुसरं दुकान आहे, तिथं झालं असेल काम.

बुल गार्डचं, म्हणजे गाडीच्या पुढं लावतात त्या लोखंडी गार्डचं पण तेच, २०१७ च्या डिसेंबरात केंद्रानं राज्यांना कळवलंय की हे बेकायदेशीर आहे कारवाई करा, कारण पुढचा भाग चेपला जाऊन मार खायचा तो गार्डमुळं खाल्ला जात नाही आणि एअरबॅगच्या सेन्सरला पण घोळ होतो. आणि ज्या गाडीत सीटच्या कुशीत एअरबॅग असते तिथं कव्हरची शिलाई त्या बाजूला कच्ची लागते, फुटून बाहेर यायला वाट पाहिजे. सगळीकडून पक्का दोरा मारला की एअरबॅग आतच दबते. हे किती दुकानदारांना माहिती आहे? आम्हाला ना कुणी ट्रेनिंग देतं ना कुणी तपासायला येतं. वजनकाट्याला शिक्का लागतो, सीट कव्हरला काहीच नाही.

काही जण म्हणतात बेल्ट लावला आणि आग लागली तर अडकून मरू, समृद्धीवर बस जळाली नव्हती का. १ जुलै २०२३, सिंदखेडराजाजवळ, २५ माणसं गेली, बरोबर आहे. पण तिथं बस दाराच्या बाजूवर पडली म्हणून बाहेर पडायची वाट बंद झाली होती, बेल्टनं कुणी अडकलं नव्हतं. आणि गाडी पेटली तरी बाहेर पडायला माणूस आधी शुद्धीवर लागतो, तो शुद्धीवर राहतो तोच बेल्टमुळं.

आता तुमच्याकडं मागणं. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा रिपोर्ट येतो दरवर्षी, २०२२ चा आकडा मी बघून ठेवलाय, देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली, त्यात बेल्ट न लावलेली १६,७१५. त्यातली ८,३८४ चालक आणि ८,३३१ बाकीची बसलेली माणसं, म्हणजे जवळपास निम्मी. हा आकडा दिल्लीत तयार झाला म्हणजे तो कुठल्यातरी पोलीस स्टेशनातून गेलाय, म्हणजे कुणीतरी हवालदार लिहून घेतोच की बेल्ट होता का नव्हता. मग तुमच्या वार्ताहराला तो विचारायला काय जड आहे? मयताचं नाव, वय, गाव, किती मुलं हे विचारताच की. त्याच फोनवर अजून दोन प्रश्न, कोण कुठं बसलेलं आणि पट्टा होता का. उभ्या वाहनाला धडक असेल तर तिसरा, मागं लाइट रिफ्लेक्टर होता का. एक ओळ वाढेल बातमीत. दुःखात असलेल्या घराला दोष द्यायचा म्हणून नाही, नावानिशी लिहू नका पाहिजे तर, नुसतं मागच्या तिघांपैकी कुणी बेल्ट लावलेला नव्हता एवढं लिहा. हेल्मेटचं तुम्ही लिहिता की, हेल्मेट नसल्याने डोक्याला मार लागून, असं येतं. मग चारचाकीला वेगळा न्याय कशाला. वर्षभर रोज ती ओळ वाचली तर माझ्या दुकानात येणारं गिऱ्हाईक मला विचारेल, बकल वर ठेवलेत ना? मी सांगून ऐकत नाहीत, मी कव्हरवाला. पेपरात आलं की ऐकतात.

मी सध्या बकल फुकट काढून देतो, माझ्याकडचं कव्हर असो वा दुसरीकडचं. बोर्ड लावलाय. महिन्याला पाच सहा गाड्या येतात. माझं नाव छापू नका, धंद्याला भितो म्हणून नाही, ते गिऱ्हाईक तुमचाच पेपर घेतं आणि त्याला हे आधी मी समोर बसून सांगायला पाहिजे, सहा वर्षं जमलं नाही, पत्र छापून यायच्या आत जातो.

आपला,
एक वाचक, संगमनेर

ता. क. ज्यांना दुकानात यायचं नाही त्यांनी घरीच बघा. मागच्या बाकाच्या आणि पाठीच्या मधल्या फटीत हात घाला, बकल लागला आणि काप असेल तर ओढून वर घ्या. काप नसेल तर बऱ्याच गाड्यांत बाक पुढच्या कडेला धरून वर झटका दिला की क्लिप सुटते, बाक उचला, बकल मोकळे करा, कव्हरला जागा बघून लहान काप मारा, ब्लेड फोमला लागू देऊ नका. नाही सुटला तर जोर लावू नका, कुठल्याही दुकानात पाच मिनिटांचं काम आहे. आणि मधल्या सीटचा बकल बऱ्याचदा वेगळ्या मापाचा असतो, बाजूचा पट्टा त्यात बसत नाही, क्लिक आवाज आला तरच बसला समजा.